अनुभवपूर्व ज्ञान आणि अनिवार्य सत्य : या दोन्हींची सांगड नेमकी कुठे सुटते?

अनुत्तरित (प्रश्न; पुढे व्याप्ती, रेषाखंड आणि संकेतार्थ या सदस्यांची उत्तरं)

जर्मन तत्त्वज्ञ कान्टने 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या (१७८७) उपोद्घातात अनुभवपूर्व, म्हणजे अ प्रायोरी, ज्ञान ओळखायच्या दोन खुणा दिल्या आहेत : अनिवार्यता आणि काटेकोर सार्वत्रिकता. युक्तिवाद थोडक्यात असा. एखादी गोष्ट अशी आहे एवढंच अनुभव सांगतो. ती याहून वेगळी असूच शकत नाही, हे अनुभव सांगत नाही. तेव्हा जे अनिवार्य म्हणून कळतं, ते अनुभवातून आलेलं नसणार.

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेने जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत दोन्ही बाजूंनी अपवाद दाखवले : अनिवार्य असूनही अनुभवानेच कळणारी सत्यं, आणि अनुभवाशिवाय कळणारी पण आपातिक सत्यं (आपातिक म्हणजे खरी आहेत, पण तशी नसतीही). माझ्या शंका तीन आहेत.

हेस्पेरस आणि फॉस्फोरस ही ग्रीकांची अनुक्रमे संध्याकाळी आणि पहाटे दिसणाऱ्या ताऱ्यांची नावं. ते दोन्ही म्हणजे एकच शुक्र, हे निरीक्षणाने कळलं. मग निरीक्षण उलट निघू शकलं असतंच की! तरी ते अनिवार्य कसं?

पॅरिसजवळची प्रमाण मीटरपट्टी एक मीटर लांब आहे हे न मोजता कळतं, पण ते आपातिक आहे, असं म्हणतात. ही शब्दांची व्याख्याच नाही का? व्याख्येतून आलेलं सत्य आपातिक कसं असेल?

तिसरी शंका गणिताची. निदान तिथे तरी 'अनिवार्य' आणि 'अनुभवपूर्व' एकमेकांना सोडत नाहीत, असं धरून चालावं का?

व्याप्ती

पहिल्या शंकेपासून सुरुवात करते, कारण कान्टच्या वाक्यातली फट तिथेच दिसते.

कोणत्याही विधानाबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. एक, ते खरं आहे की खोटं? दोन, ते जे काही असेल ते अनिवार्यपणे तसं आहे का, म्हणजे खरं असेल तर अनिवार्यपणे खरं आणि खोटं असेल तर अनिवार्यपणे खोटं, अशा जातीचं ते विधान आहे का? तीन, ते अनिवार्यपणे खरं आहे का? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांच्या बेरजेतून येतं. 'अनुभव अनिवार्यता सांगत नाही' हे कान्टचं म्हणणं मान्य केलं, तरी त्यातून एवढंच निघतं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनुभवातून मिळणार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही अनुभवाविना मिळायला हवं, हे त्यातून मुळीच निघत नाही. कान्ट तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलतो आणि निष्कर्ष मात्र पहिल्यावर लादतो.

आता हेस्पेरस-फॉस्फोरस घ्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी सिद्धता छोटी आहे. तिचं औपचारिक रूप तर्कशास्त्रज्ञ रूथ बारकनने १९४७ मध्येच मांडलं होतं. प्रत्येक वस्तू अनिवार्यपणे स्वतःशी एकरूप असते. क्ष आणि य एकच वस्तू असतील, तर क्ष-बद्दल जे जे खरं ते य-बद्दलही खरं. 'क्ष-शी अनिवार्यपणे एकरूप असणं' हे क्ष-बद्दल खरं आहे. म्हणून ते य-बद्दलही खरं. यात कुठेही दुर्बीण लागत नाही. हाती येतं ते एक सशर्त विधान : हेस्पेरस फॉस्फोरस असेल, तर तो अनिवार्यपणे फॉस्फोरस आहे. हे अनुभवपूर्व. हेस्पेरस फॉस्फोरस आहे, हे निरीक्षण. दोन्ही जोडले की निघणारा निष्कर्ष अनिवार्य, पण त्याच्या समर्थनात एक आधारविधान अनुभवाचं असल्यामुळे अनुभवोत्तर, म्हणजे अनुभवातून कळणारा.

ही सिद्धता वापरताना हमखास एक चूक होते : नावाच्या जागी वर्णन घालणं. ग्रहांची संख्या ८ आहे (२००६ मध्ये प्लूटो त्या यादीतून बाहेर पडला). ८ ही ७ पेक्षा अनिवार्यपणे मोठी आहे. म्हणून ग्रहांची संख्या अनिवार्यपणे ७ पेक्षा मोठी आहे का? नाही, सूर्याला पाचच ग्रह असू शकले असते. 'ग्रहांची संख्या' हे वर्णन आहे, वेगवेगळ्या परिस्थितीत ते वेगवेगळ्या संख्येवर बसतं. '८' हा दृढ निर्देशक, कुठल्याही कल्पित परिस्थितीबद्दल बोलताना तो तीच संख्या दाखवतो. हेस्पेरसऐवजी 'संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा तेजस्वी ठिपका' असं वर्णन घातलंत, तर विधान लगेच आपातिक होतं, कारण शुक्राची कक्षा वेगळी असती तर तो संध्याकाळी दिसलाच नसता. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून प्रकाशित लेखांपर्यंत निम्मा गोंधळ या एका अदलाबदलीचा असतो.

'निरीक्षण उलट निघू शकलं असतं' याचं काय? तुम्ही कल्पना करता ती परिस्थिती बारकाईने पाहा. कुणीतरी संध्याकाळी एक ठिपका पाहतो, पहाटे दुसरा पाहतो, आणि ते दोन वेगळे ग्रह असतात. अशी परिस्थिती शक्य आहे. पण त्या परिस्थितीत शुक्र शुक्राहून वेगळा नाही. तिथे फक्त दुसरेच कुठले तरी दोन ग्रह आपल्या शुक्रासारखे दिसत आहेत. आपल्या हातात तेव्हा जो पुरावा होता, अगदी तसाच पुरावा देणारी वेगळी परिस्थिती शक्य होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

सरावासाठी दोन वाक्यं ताडून पाहा. 'हेस्पेरस आणि फॉस्फोरस वेगळे असतील, तर खगोलशास्त्रज्ञ चुकले आहेत.' हे समजतं आणि पटतं, कारण इथे आपण जग प्रत्यक्षात कसं आहे याचे पर्याय उघडे ठेवतो. 'हेस्पेरस आणि फॉस्फोरस वेगळे असते, तर...' इथे प्रत्यक्ष जग पक्कं धरून त्यापासून दूर जायचं असतं, आणि जायला जागाच नसते. पहिली कसोटी ज्ञानाची, दुसरी अनिवार्यतेची. कुठलंही वादग्रस्त उदाहरण समोर आलं की आधी नावं आणि वर्णनं वेगळी करा, मग दोन्ही कसोट्या स्वतंत्रपणे लावा. एकीचं उत्तर दुसरीला उसनं देऊ नका.

रेषाखंड

मीटरपट्टीबद्दल लिहितो. उदाहरण नेहमी ढिसाळपणे सांगितलं जातं, म्हणून आधी वस्तुस्थिती. १८८९ मध्ये स्वीकारलेली प्रमाणपट्टी प्लॅटिनम ९० टक्के आणि इरिडियम १० टक्के अशा मिश्रधातूची होती, आणि मीटर म्हणजे बर्फ वितळण्याच्या तापमानाला तिच्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर. १९६० मध्ये ही व्याख्या गेली आणि क्रिप्टॉन-८६ च्या प्रकाशाची तरंगलांबी आली. १९८३ पासून प्रकाशाचा वेग हा आधार आहे. म्हणजे क्रिपकेने उदाहरण दिलं तेव्हा पट्टी निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. युक्तिवादाचं त्याने काही बिघडत नाही. पट्टी प्रमाण असतानाचा क्षण धरायचा.

तुमची अडचण 'व्याख्या' या शब्दात दोन कामं मिसळल्यामुळे आहे. व्याख्येने शब्दाला अर्थ देता येतो, किंवा शब्द कशाला उद्देशून आहे ते फक्त ठरवता येतं. 'मीटर' म्हणजे 'ही पट्टी जेवढी असेल तेवढी लांबी' असा अर्थच दिला असता, तर 'पट्टी एक मीटर आहे' हे अनिवार्य झालं असतं, तुमचं बरोबर ठरलं असतं. पण शब्द तसा वापरला जात नव्हता. पट्टी १० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.०९ मिलिमीटरने वाढते, आणि त्या वेळी लोक 'पट्टी मीटरपेक्षा किंचित लांब झाली' असं म्हणत. 'मीटर लांबला' असं कुणी म्हणत नसे. म्हणूनच तर तापमानाची अट घालावी लागली. पट्टीचा उपयोग एक विशिष्ट लांबी बोट ठेवून दाखवण्यापुरता होता. एकदा ती दाखवली की 'मीटर' हा शब्द त्या लांबीला चिकटतो, पट्टीला नाही. ठरवण्याच्या त्या क्षणी पट्टी तापलेली असती तर ती मीटरभर नसती. म्हणून विधान आपातिक. आणि ज्याने लांबी अशी ठरवली, त्याला ते कळायला मोजमाप लागत नाही. म्हणून अनुभवपूर्व.

इथे एक बारकावा सुटतो. हे ज्ञान अनुभवपूर्व आहे ते फक्त ठरवणाऱ्याला, आणि त्या क्षणापुरतं. ज्याने मीटर हा शब्द दुकानातल्या फूटपट्टीवरून शिकला, त्याला पॅरिसजवळची पट्टी मीटरभर आहे हे सांगोवांगी किंवा मोजूनच कळणार. 'हे विधान अनुभवपूर्व आहे' असं मोघम म्हणण्याऐवजी 'अमक्याला, अमक्या मार्गाने' हे जोडायची सवय लावली तर पुष्कळ वाद आपोआप संपतात.

दुसरं प्रसिद्ध उदाहरण नेपच्यूनचं. युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने एका न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये गालेला तो सापडला. क्रिपके म्हणतो, समजा शोधाआधीच 'ही गडबड करणारा ग्रह तो नेपच्यून' असं नाव ठेवलं. (प्रत्यक्षात नाव नंतर पडलं, उदाहरण कल्पित आहे.) मग नेपच्यून गडबड करतो हे नाव ठेवणाऱ्याला अनुभवपूर्व कळतं, आणि तरी ते आपातिक, कारण तोच ग्रह दूर कुठेतरी असता तर युरेनसला त्याचा धक्काही लागला नसता.

पण यात 'असा एखादा ग्रह असेल तर' ही अट विसरायची नाही. विसरलं तर काय होतं ते त्याच लव्हेरिएच्या पुढच्या कामात दिसतं. बुधाच्या कक्षेतला फरक समजावण्यासाठी १८५९ मध्ये त्याने सूर्याजवळ आणखी काही फिरत असावं असं सुचवलं. त्या मानलेल्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं. असा ग्रह नव्हताच. तो फरक १९१५ मध्ये सापेक्षतावादाने सुटला. रीत तीच, नावही ठेवलेलं, पण 'व्हल्कन गडबड करतो' हे खोटं. अनुभवपूर्व कळतं ते फक्त सशर्त विधान. अस्तित्व नेहमी अनुभवाकडूनच घ्यावं लागतं. पट्टीच्या बाबतीतही 'पट्टी अस्तित्वात असेल तर' हे गृहीत आहेच, ती समोर ठेवलेली असते म्हणून कुणी बोलत नाही.

ठरवणाऱ्याला जगाविषयी खरोखर काही कळलं का, हा यापुढचा गंभीर आक्षेप. तत्त्वज्ञ गॅरेथ एव्हन्सने १९७९ मध्ये यावर जे उत्तर दिलं ते मला पटतं : ही आपातिकता वरवरची आहे. विधान खरं ठरायला जगात अमुक एक घडावंच लागतं, अशी काही मागणी ते करत नाही. पट्टी कितीही लांब असती तरी ठरवणाऱ्याचं वाक्य खरंच ठरलं असतं, मीटर तेवढा वेगळा निघाला असता, इतकंच. 'मी आत्ता इथे आहे' हे वाक्यही त्याच जातीचं. जो म्हणेल, जेव्हा म्हणेल, तेव्हा खरंच. तरी मी दुसरीकडे असू शकलो असतो. (फोनवर ध्वनिमुद्रित 'मी आत्ता इथे नाही' खरं ठरतं, कारण तिथे 'आत्ता' बोलणाऱ्याचा न राहता ऐकणाऱ्याचा होतो. अपवाद नियमाला धरूनच आहे.)

१९८३ नंतरचं रूपही तपासून पाहण्यासारखं आहे. सेकंद आधीच ठरलेला असताना 'प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो' हे मोजून कळत नाही. पण ते आपातिक आहे का? निसर्गनियम वेगळे असू शकले असते असं मानलं तर आहे. नियमच अनिवार्य आहेत असं मानणाऱ्यांना नाही. म्हणून शिकताना जुनी पट्टी बरी, तिची लांबी वेगळी असू शकली असती याबद्दल कुणाचं दुमत नाही.

अनुत्तरित

मीटरचा मुद्दा 'अमक्याला, अमक्या मार्गाने' या अटीने पूर्ण उलगडला. पहिल्या शंकेतला सशर्त विधानाचा सांगाडा पाणी, सोनं अशा उदाहरणांनाही तसाच लागतो का? आणि गणिताचं अजून राहिलं आहे.

संकेतार्थ

गणित घेतो.

'अनिवार्य म्हणून अनुभवपूर्व' यात 'अनुभवपूर्व कळलेलं' आणि 'अनुभवपूर्व कळू शकणारं' असे दोन दावे दडलेले असतात. पहिला उघडच खोटा आहे. पायथागोरसचा सिद्धांत शिक्षकांवर विश्वास ठेवून मानणाऱ्याचं ज्ञान साक्षीवर, म्हणजे अनुभवावर, उभं आहे. याहून ठसठशीत उदाहरण म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ही संख्या मूळ आहे, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. ती मूळ असणं अनिवार्य, पण आपल्यापैकी प्रत्येकाचा विश्वास यंत्रं नीट चालली यावर आहे, आणि यंत्र नीट चालतं हे अनुभवाचं ज्ञान. चार रंगांच्या सिद्धांताची (कुठलाही नकाशा, शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवून, चार रंगांत रंगवता येतो) १९७६ ची सिद्धता संगणकावर विसंबून होती, तिच्यावरही हाच वाद झाला.

मग दुसरा दावा : तत्त्वतः कळू शकतं ना? इथे 'कुणाला' हे विचारावं लागतं. एवढी आकडेमोड कागदावर पुरी करणारा माणूस असू शकत नाही. अमर्याद आयुष्य आणि अचूक स्मरण असलेला कल्पित गणिती ती करेल. पण मग 'अनुभवपूर्व' ही कल्पना माणसाच्या ज्ञानाविषयी राहत नाही.

गोल्डबाखच्या अटकळीवर (१७४२) हे आणखी ताणून पाहता येतं. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं ती म्हणते. ४ वर १८ शून्यं एवढ्या संख्येपर्यंत ती तपासून झाली आहे, सिद्ध झालेली नाही. ती खरी असेल तर अनिवार्यपणे खरी, खोटी असेल तर अनिवार्यपणे खोटी. म्हणजे व्याप्ती यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे, पहिल्याचं नाही. आता दोन शक्यता सारख्या नाहीत, हे पाहा. ती खोटी असेल तर अपवाद ठरणारी एक सम संख्या आहे, आणि ती हाती लागली की तिच्या खालच्या मूळ संख्या तपासून खोटेपणा मर्यादित पायऱ्यांत सिद्ध होतो. ती खरी असेल तर मात्र सिद्धता सापडेलच असं कुणी सांगू शकत नाही. अंकगणिताच्या कुठल्याही सुसंगत, पुरेशा समृद्ध आणि यांत्रिकपणे तपासता येणाऱ्या व्यवस्थेत सिद्ध न होणारी सत्यं असतात, हे ग्योडेलने १९३१ मध्ये दाखवलं. एखाद्या व्यवस्थेत न सापडलेली सिद्धता दुसऱ्या, अधिक सबळ व्यवस्थेत सापडू शकते, त्यामुळे ग्योडेलवरून थेट 'अनुभवपूर्व कळणं अशक्य' असा निष्कर्ष काढणंही चूक. एवढंच म्हणता येतं की गणितात सांगड टिकते हे गृहीत धरायचं नाही, दाखवायचं आहे, आणि ते अजून दाखवलेलं नाही.

या चर्चेत दोन गैरसमज सतत शिरतात, ते बाजूला काढतो. 'लाल वस्तू रंगीत असते' हे कळायला लाल म्हणजे काय ते पाहिलेलं लागतं. म्हणून ते अनुभवोत्तर होत नाही, कारण अनुभव इथे कल्पना मिळवून देतो, पुरावा देत नाही. दुसरं, अनुभवपूर्व म्हणजे अचूक नव्हे. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने अंकगणिताचा पाया म्हणून मांडलेला पाचवा मूलभूत नियम त्याला तर्काचाच वाटत होता. १९०२ मध्ये रसेलच्या पत्राने त्यातली विसंगती उघड झाली. अनुभवपूर्व समर्थन चुकू शकतं, आणि पुढे काढूनही घेतलं जाऊ शकतं.

व्याप्ती

पाणी आणि सोन्याबद्दल : सांगाडा तसाच लागतो, पण एक आधारविधान जास्त लागतं आणि ते फुकट मिळत नाही.

हेस्पेरसच्या बाबतीत सशर्त विधान निव्वळ एकरूपतेच्या तर्कातून निघालं. 'सोन्याचा अणुक्रमांक ७९ आहे' हे अनिवार्य ठरवायला मात्र असं काहीतरी मानावं लागतं : मूलद्रव्याचा अणुक्रमांक हे त्याचं सार आहे, तो वेगळा असेल तर ते मूलद्रव्यच वेगळं. हे विधान प्रयोगशाळेतून येत नाही. प्रयोग एवढंच सांगतो की सोन्याच्या प्रत्येक अणूत ७९ प्रोटॉन आहेत. आणि ते 'सोनं' या नावाच्या दृढपणातूनही येत नाही. तत्त्वज्ञ नाथन सॅल्मनने १९८१ मध्ये हे काटेकोरपणे तपासलं : निर्देशाच्या, म्हणजे शब्द वस्तूला कसा लागू होतो याच्या, सिद्धांतातून साराचे निष्कर्ष काढणाऱ्या युक्तिवादांत सार आधीच कुठेतरी आत सोडलेलं असतं. तेव्हा अशा उदाहरणांत आधारविधानं कागदावर वेगळी लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा उगम लिहा. 'सार' असं लिहायची वेळ आली की तिथे स्वतंत्र समर्थन लागेल, हे समजा. सोन्यासाठी ते बऱ्यापैकी देता येतं. पाण्यासाठी जड जातं, कारण ग्लासभर पाण्यात फक्त दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजनचे रेणू नसतात, त्यांचे तुकडे होऊन झालेले आयनही सतत बनत-मोडत असतात, आणि जड पाण्याला (हायड्रोजनच्या जड प्रकारापासून बनलेल्या) पाणी म्हणायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं.

अनिवार्यता आणि अनुभवपूर्वता यांची सांगड पुन्हा बांधायचा एक गंभीर प्रयत्नही झाला आहे. १९८० मध्ये डेव्हिस आणि हंबरस्टोन या तत्त्वज्ञांनी, पुढे १९९६ मध्ये चाल्मर्सने, प्रत्येक वाक्याला दोन मूल्यमापनं दिली : एखादं शक्य जग (म्हणजे सगळं कसं असू शकलं असतं याचं एक पूर्ण चित्र) 'हेच प्रत्यक्ष' मानून, आणि आपलं जग प्रत्यक्ष ठेवून ते जग 'नुसती कल्पना' मानून. पहिल्या पद्धतीने सगळीकडे खरं ठरतं ते अनुभवपूर्व, दुसऱ्या पद्धतीने सगळीकडे खरं ठरतं ते नेहमीच्या अर्थाने अनिवार्य. मीटरपट्टी पहिल्यात बसते, हेस्पेरस दुसऱ्यात. मांडणी सुंदर आहे. पण पहिलं मूल्यमापन करायला प्रत्येक नावासोबत 'जग असं निघालं तर हे नाव कशाला लागू' याची कसोटी वापरणाऱ्याला आधीच माहीत असावी लागते. एखाद्या शास्त्रज्ञाबद्दल 'कुणीतरी भौतिकशास्त्रज्ञ' एवढंच ठाऊक असलेला माणूसही त्याचं नाव बरोबर त्याच्यासाठीच वापरतो, आणि त्या माहितीत दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञापासून त्याला वेगळं करणारं काही नसतं. क्रिपकेचा हा मुद्दा जोवर खोडला जात नाही, तोवर मी पहिल्या मूल्यमापनाला सरसकट मान्यता देणार नाही. 'मी', 'आत्ता', 'मीटर' अशा ठरावाने बांधलेल्या शब्दांपुरतं ते चालतं, व्यक्तिनामांसाठी अजून नाही.